‘मॅडम, आज टोकन टाकलं तरच हा रेट’ : पुण्यात पहिलं घर शोधताना

जुईची_आई

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. लांबलाय, आधीच सांगते.

आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगी चार वर्षांची. पिंपळे सौदागरला टू बीएचकेत भाड्याने राहतो, भाडं २६,०००. दोघांचे मिळून हातात महिन्याला १ लाख ३५ हजार येतात. जुईची शाळा सुरू व्हायच्या आत आपलं घर असावं, एवढीच इच्छा.

एका संकेतस्थळावर पुनावळ्यातल्या एका प्रोजेक्टचा नकाशा बघायचा होता, तर आधी मोबाईल नंबर मागितला. दिला. तिथेच चुकले. चहा गाळून होईतो पहिला फोन, संध्याकाळपर्यंत अकरा. प्रत्येकाचं वाक्य तेच: "मॅडम, इन्क्वायरी केली होती ना? मी कंपनीतूनच बोलतोय." अकराच्या अकरा जण कंपनीतूनच! एकाला म्हटलं मीटिंगमध्ये आहे, तर म्हणे, "मग सरांचा नंबर द्या."

शेवटी रविवारी गेलो. त्यांनीच गाडी पाठवली. एसी हॉल, कॉफी, जुईला फुगा. भिंतीवर टॉवरचा मोठा तक्ता आणि त्यावर विकल्या गेलेल्या फ्लॅटवर लाल टिकल्या. थोड्या थोड्या वेळाने घंटा वाजायची आणि सगळा स्टाफ टाळ्या पिटायचा, म्हणजे कुणाचं तरी बुकिंग झालं. आरतीला उभं राहिल्यासारखं वाटत होतं, प्रसाद घेतल्याशिवाय निघायचं कसं?

सॅम्पल फ्लॅट सुंदर. फक्त आतल्या खोल्यांना दारंच नव्हती. नवरा गमतीत मास्टर बेडरूमच्या पलंगावर आडवा झाला तर पाय घोट्यापासून बाहेर. मी वीत लावून मोजला. आठ वीत भरला. माझी वीत आठ इंचांची, म्हणजे पलंग सव्वापाच फुटी. कपाटात हँगर आडवा मावेना, तिरका लावलेला होता. सोबतचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते डिझाईन आहे."

मग भाव. फोनवर "६८ लाखांपासून सुरू". तिथे कळलं की ६८ चा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, आणि तो संपला. आम्हाला दाखवलेल्या नवव्या मजल्याला फ्लोअर राईज, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, अडीच, पार्किंग साडेतीन, ‘इन्फ्रा’चे चार. झाले ७८. मी म्हटलं परवडत नाही. तेव्हा मॅनेजर "वरून स्पेशल अप्रूव्हल घेऊन येतो" म्हणून आत गेला आणि ७६ घेऊन आला. पण संध्याकाळी सहापर्यंतच. १ लाख टोकन. कार्डाचं मशीन टेबलावर आणूनच ठेवलं होतं. "घरी बोलून सांगतो" म्हटलं तर नवऱ्याकडे बघून, "सर, घरात डिसिजन तुम्हीच घेता ना?"

तिथून उठताना मला चक्क अपराधी वाटलं, त्यांची कॉफी प्यायलो म्हणून. टोकन दिलं नाही. त्यानंतर रोज वेगवेगळ्या नंबरांवरून फोन.

आमचं काही चुकतंय का? आणि मुळात हे आम्हाला परवडतंय का? मला आता आकडेच दिसेनासे झालेत.

डोसा_कडक

वाखु (वाचनखूण) साठवली. पलंगाची वीत 😂😂

पिंपळपान

+१. आम्हाला तर "वास्तुप्रमाणे हा शेवटचाच ईस्ट फेसिंग" म्हणून अडवलं होतं. आम्ही वास्तू मानत नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत वेस्ट फेसिंगचा पण शेवटचाच एक निघाला.

माजी_सोर्सिंग

साडेतीन वर्षं याच धंद्यात होतो, आता बाहेर पडलोय. त्यामुळे दोन-चार गोष्टी आतल्या सांगतो.

आधी ते अकरा फोन. त्यातला एखादाच कंपनीचा, बाकीचे चॅनल पार्टनर, म्हणजे सीपी, बाहेरचे एजंट. बिल्डर प्रत्येक बुकिंगमागे त्यांना टक्केवारी देतो. पण ती मिळते कुणाला? ज्याने तुमचं नाव आधी ‘टॅग’ केलं त्याला. तुमच्या मोबाईलचे शेवटचे आकडे आणि नाव साईटच्या यादीत ज्याने पहिल्यांदा नोंदवलं, त्याचे तुम्ही गिऱ्हाईक. हे टॅगिंग ठरावीक दिवस चालतं, मग सुटतं. म्हणून तो पहिल्या तासात जीव काढतो, म्हणूनच गाडी पाठवतो. घर विकायची घाई नंतरची. पहिली घाई दुसऱ्या एजंटाच्या आधी तुम्हाला साईटच्या दारातून आत नेण्याची. तुम्ही एकट्या गेला असता तरी रिसेप्शनवर "आमच्याबद्दल कुणाकडून कळलं?" विचारतातच, ते यासाठी.

याचा तोटा तुम्हाला असा: एकदा टॅग झालात की त्या एजंटाची टक्केवारी तुमच्या भावात बसली. पुढे थेट बिल्डरशी घासाघीस करताना तेवढी जागा कमी. थेट जायचं असेल तर आधी कुणालाही नंबर देऊ नका आणि पहिली भेट स्वतःची स्वतः करा.

आता ते ‘स्पेशल अप्रूव्हल’. मी आत जाऊन चहा प्यायचो. सात मिनिटं. पाचात परत आलं तर खोटं वाटतं, दहा झाली तर गिऱ्हाईक चपला घालतं. किती सोडायचं ते सकाळीच ठरलेलं असायचं.

आणि घंटा. आमच्याकडे शनिवार-रविवारी ती रिकामीच वाजायची. तुम्हाला वाटावं, बाकीच्यांचं ठरतंय, आपणच मागे राहतोय.

तो "डिसिजन सर घेतात ना" वाला प्रश्नही शिकवलेला असतो. नवरा-बायकोत कोण डळमळतंय ते बघायचं आणि दुसऱ्याला चिमटा काढायचा. त्याबद्दल माफी मागतो. मीही विचारलाय हा प्रश्न.

खडूस_ऑडिटर

जुईची_आई, तुम्ही ‘परवडतंय का’ विचारलंत, त्यावर अजून कुणीच बोललं नाही. मी कागदावर मांडलं.

करारनामा ७६ लाख धरू. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के: ५,३२,०००. नोंदणी फी ३०,०००. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के: ३,८०,०००. इथेच ८५,४२,००० झाले. वर दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स आणि ‘लीगल चार्जेस’ म्हणून साधारण दीड लाख मागतीलच. म्हणजे ८७ लाख. फोनवरच्या ६८ मध्ये आणि यात १९ लाखांचं अंतर आहे, आणि अजून पंखासुद्धा लावलेला नाही.

आता बँक. ३० लाखांच्या वरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज ६०.८ लाख, आणि तुमच्या खिशातून २६ लाख. "९० टक्के लोन करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला विचारा, वरचे १० टक्के कुठल्या नावाने? बऱ्याचदा ते पर्सनल लोन निघतं, व्याज दीडपट.

साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता सुमारे ५२,८००. पहिल्या हप्त्यातले ४३ हजार व्याज आणि मुद्दल पावणेदहा हजार. तुमच्या हातात येणाऱ्या पैशाच्या ३९ टक्के. शिवाय ताबा मिळेपर्यंत २६,००० भाडं चालूच. जितकं कर्ज उचलाल त्यावर तेव्हाही व्याज द्यावंच लागेल. ती दोन-तीन वर्षं खरी जीवघेणी. एजंटाच्या कागदावर हप्ता असतो, हे दुहेरी ओझं नसतं.

मी ‘घेऊ नका’ म्हणत नाही. २६ लाख उभे केल्यावर तुमच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च उरतो का, एवढं बघा. उरत नसेल तर एकाची नोकरी गेली की संपलं. उरत असेल तर घ्या आणि जमेल तसं मुद्दल फेडत जा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

अवांतर: फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथे ७६ हजार वाचतील. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. हे मला एकाही एजंटाने आपणहून सांगितलेलं आठवत नाही.

कोथरूडचे_काका

तुम्ही तरुण मंडळी फार हिशेब करता. भाडं म्हणजे पाण्यात पैसे. मी १९९४ साली वन बीएचके पावणेचार लाखांना घेतला, पगार साडेसहा हजार, कर्जाचं व्याज १५ टक्के. सगळे वेड्यात काढत होते. आज त्याच फ्लॅटची किंमत विचारू नका. पोट आवळा आणि घेऊन टाका.

खडूस_ऑडिटर

काका, तुमच्याच आकड्यांनी बोलतो. वर्षाचा पगार ७८ हजार, घर पावणेचार लाख, म्हणजे पाच पटींच्या आत, आणि तेही एका पगारात. यांचं घर ८७ लाख, दोघांचं वर्षाचं मिळून १६ लाख २० हजार. पटी जवळपास तेवढीच, साडेपाचच्या आत. पण ती दोन पगारांची. तुमच्या वेळी काकूंनी नोकरी सोडली असती तरी घर राहिलं असतं. यांच्यातलं कुणी बाळंतपणाला किंवा सासूबाईंच्या आजारपणाला घरी थांबलं, तर हीच पटी दहाच्या पुढे जाते.

कोथरूडचे_काका

हं. काकू तेव्हा नोकरी करत नव्हतीच. हे असं मोजलं नव्हतं.

खेतवाडीकर

पुणेकरांनी माफ करावं, मुंबईतून बोलतोय. आमच्या चाळीत अजून पागडीवाले भाडेकरू आहेत. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू वाचले, पण मालकाने छप्पर शाकारणं सोडलं आणि नवीन कुणी भाड्याने द्यायला घर बांधेना. मग जे बांधायचं ते विकण्यासाठीच. भाड्याने आयुष्यभर निवांत राहता येईल अशी सोय शहरात उरलीच नाही, म्हणून चार वर्षांच्या पोरीच्या आईबापाला रविवारी एसी हॉलमध्ये जाऊन बसावं लागतं. एजंट मागाहून आले हो. अकरा महिन्यांनी घर सोडावं लागेल ही धास्ती आधीपासूनच होती, ते तिच्यावर धंदा करतात.

पिंपळपान

खेतवाडीकर, मस्त प्रतिसाद. अकरा महिन्यांच्या धास्तीला जोरदार अनुमोदन. पाच वर्षांत चार घरं बदलली, गॅसचा पत्ता बदलायचा आता कंटाळा येतो.

कलम_तेरा

कायद्याचं थोडं. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा, २०१६ चा. महाराष्ट्रात तो राबवणाऱ्या महारेराचं काम सुरू झालं मे २०१७ मध्ये. लोकांना वाटतं तो फक्त बिल्डरसाठी आहे. नाही, एजंटलाही नोंदणी सक्तीची आहे. प्रकल्पाचा नंबर ‘पी’ने सुरू होतो, एजंटचा ‘ए’ने. फोन आला की पहिला प्रश्न हाच: "तुमचा ए नंबर सांगा, लिहून घेते." मी गेले वर्षभर हाच विचारतोय. दहातले सात जण "सर, मी तुम्हाला व्हॉट्सॲप करतो" म्हणतात आणि पुन्हा उगवत नाहीत. नंबर ब्लॉक करण्यापेक्षा उपयोगी.

ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो. तो स्कॅन केला की महारेराच्या पानावर मंजूर नकाशे, ताब्याची कबूल केलेली तारीख, खटले, सगळं दिसतं. पत्रकावर कोड नसेल, ‘प्री-लाँच’ म्हणत असतील, तर उठा. नोंदणीआधी जाहिरात करायला आणि बुकिंग घ्यायला मनाई आहे.

टोकनबद्दल: कलम १३ नुसार करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण १ लाख म्हणजे १० टक्क्यांच्या कितीतरी खाली, तिथे हे कलम तुम्हाला वाचवत नाही. वाचवतो तो कागद. पावतीवर परताव्याच्या अटी लिहून घेतल्याशिवाय कार्ड खिशातून काढू नका. तोंडी "फुल रिफंडेबल" म्हणजे काही नाही.

आणि एक विचारायचं राहिलं, साडेतीन लाखांचं पार्किंग कसलं? वर छप्पर आहे का?

जुईची_आई

नाही. नकाशावर कंपाउंडच्या भिंतीलगत पट्टे आखलेले दाखवले.

कलम_तेरा

मग ते साडेतीन लाख कशाचे ते लेखी मागा. रेरात मोकळी पार्किंगची जागा सामाईक क्षेत्रात मोडते, ती सोसायटीची. त्याआधी २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बिल्डरला मोकळं आणि स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग सुटं विकता येत नाही असं सांगितलं होतं. तुम्ही लेखी मागितलंत की ते साडेतीन लाख बहुधा गुपचूप ‘इन्फ्रा’त सरकतील. तरी मागा.

रोजचा_दलाल

मी एजंट आहे, रिसेल आणि भाड्याचं काम करतो, एकट्याचं. महारेराचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आहे. मारा दगड.

पण एक ऐका. मागच्या महिन्यात एका जोडप्याला चौदा घरं दाखवली. माझ्या दुचाकीला पेट्रोल माझंच. पंधराव्या दिवशी कळलं, सहाव्या घराच्या मालकाला त्यांनी परस्पर फोन करून सौदा केला. नेमप्लेटवरून नाव शोधून! मालकही खूश, तेही खूश. माझे तीन आठवडे गेले. काम झालं तरच पैसे आणि नाही झालं तर शून्य, अशा धंद्यात माणूस चिकट होणारच. भेटीमागे दोनशे रुपये मागितले तर लोक चोर समजतात.

मोठ्या साईटवर जे चालतं त्याची बाजू मी घेत नाही. त्या पोरांना महिन्याचं टार्गेट असतं, ते माझ्यासारख्याला पण गिऱ्हाईकाजवळ उभं राहू देत नाहीत.

माजी_सोर्सिंग

दादा, दगड कुणी मारत नाही. तुमचा ए नंबर आहे, हेच पुष्कळ.

डोसा_कडक

म्हाडाचं बघा की कुणीतरी. लॉटरीत नंबर लागला तर निम्म्यात काम.

पिंपळपान

चारदा भरला फॉर्म, चारदा अनामत परत. पण तिथेही "आत ओळख आहे, नंबर लावून देतो" म्हणणारे भेटतातच. म्हाडा दरवेळी जाहीर करते की आम्ही एजंट नेमलेले नाहीत, तरी लोक पैसे देतात.

खडूस_ऑडिटर

जुईची_आई, शेवटचा उद्योग सुचवतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ दिसते. मोबदला, क्षेत्रफळ, तारीख, सगळं. त्याच टॉवरमध्ये इतरांनी काय भाव दिला ते बघा. साईट अडखळते, कॅप्चा तीनदा भरायला लावते, पण रात्री उशिरा बरी चालते.

जुईची_आई (दोन महिन्यांनंतर)

अपडेट द्यायचं राहूनच गेलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

ऑडिटर, तुमचा उद्योग केला. रात्री साडेबाराला बसलो, नवरा कॅप्चा वाचून दाखवायचा आणि मी टाईप करायचे. त्याच टॉवरमध्ये, आमच्या फ्लॅटच्या बरोब्बर दोन मजले वर, तेवढंच क्षेत्रफळ, दस्त आमच्या साईट व्हिजिटच्या तीन आठवडे आधीचा. मोबदला: ७१,४०,०००. आम्हाला सात मिनिटं चहा पिऊन ‘स्पेशल’ दिलेला भाव ७६. दोन मजल्यांचा फ्लोअर राईज वजा केला तर तो ७१ च्याही खाली यायला हवा.

मी त्या मॅनेजरला सूची २ चा फोटो पाठवला. निळ्या टिकल्या आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीतून दुसऱ्या मुलीचा फोन, "मॅडम, ७२ ला करून देते, पार्किंगसकट, पण आज." मी ए नंबर विचारला. ती म्हणाली, मी एम्प्लॉई आहे, मला लागत नाही. बरोबर असेल तिचं. छान बोलली, उगाच टोचून नाही. मोह झाला.

मग दोघांनी बसून सहा महिन्यांच्या घरखर्चाचा हिशेब केला. ७२ ला घेतलं तरी खिशातले सुमारे पंचवीस लाख जातात आणि उरतात सव्वादोन महिन्यांचे पैसे. सासूबाई म्हणाल्या दागिने मोडा. नवऱ्याने नाही म्हटलं, मी काहीच बोलले नाही. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, तो सोडा.

सध्या घर घेत नाही. दीड-दोन वर्षं पैसे साठवू आणि ताबा तयार असलेलं किंवा रिसेल बघू, जीएसटी आणि दुहेरी ओझं दोन्ही वाचतील. काका, तुम्ही रागावाल, माहीत आहे.

आता खरी अडचण. आमचे घरमालक परदेशातून परत येतायत, ३१ तारखेपर्यंत घर रिकामं करायचंय. पिंपळे सौदागर किंवा रहाटणीत, जुईच्या नर्सरीजवळ, टू बीएचके हवाय, लिफ्ट असलेला, २८ हजारांपर्यंत.

रोजचा_दलाल, तुम्ही या भागात काम करता का? एक महिन्याचं भाडं देऊ, आणि भेटीमागचे दोनशे वेगळे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रोजचा_दलाल

व्यनि बघितला. रहाटणीत दोन आहेत, एकात लिफ्ट बंद असते, आधीच सांगतो. शनिवारी सकाळी येता का? पलंग मालकाचाच आहे, मोजून घ्या.